विलायती फुटबॉलचा दुसरा वर्ग

आपल्या घरांतील मुलांस हल्लीं विलायतेंतील बड्या फुटबॉलसंघांचीं नांवें स्तोत्राप्रमाणें तोंडपाठ असतात. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्या संघांच्या खालीं जो दुसरा वर्ग आहे, त्याचा इतिहास त्यांस सहसा ठाऊक नसतो. आणि आमच्या मतें शिकण्यासारखें अधिक तेथेंच आहे. योग्यतेनें वर चढावें व योग्यता सरल्यावर खालीं उतरावें, हा नियम बोलावयास सोपा. तो आचरणांत आणण्यास इंग्रजांसहि किती वर्षें लागलीं, हें त्या इतिहासावरून कळतें.

इ. स. १८८८ मध्यें बर्मिंगहॅम येथील विल्यम मॅक्ग्रेगर नामक कापडव्यापाऱ्याच्या पुढाकारानें ‘फुटबॉल लीग’ स्थापन झाली. तत्पूर्वीं ठरलेले सामने ऐन वेळीं मोडत आणि खेळाडूंस वेतन देणाऱ्या संघांस उत्पन्नाचा भरंवसा नसे. म्हणून बारा संघांनीं परस्परांशीं दोन दोन सामने खेळावे, एक आपल्या गांवीं व एक परगांवीं, असें ठरलें. शेवटच्या चार संघांनीं मात्र इतरांचीं मतें मागून पुनः प्रवेश मिळवावयाचा होता. म्हणजे अंतिम निकाल मैदानावर न लागतां सभेंत लागत असे.

१८९२ सालीं ‘फुटबॉल अलायन्स’ ही प्रतिस्पर्धी संस्था लीगमध्यें विलीन झाली. पहिला वर्ग सोळा संघांचा झाला व बारा संघांचा दुसरा वर्ग निर्माण झाला. वरच्यांतले शेवटचे तीन आणि खालच्यांतले पहिले तीन यांनीं कसोटीचे सामने खेळावे, असा नियम झाला. पहिल्याच वर्षीं त्यांतील दोष उघड झाला. स्मॉल हीथ हा संघ दुसऱ्या वर्गांत पहिला आला. परंतु कसोटींत न्यूटन हीथकडून हरल्यामुळें खालींच राहिला. हाच न्यूटन हीथ पुढें मँचेस्टर युनायटेड म्हणून प्रसिद्धीस आला. उलट ॲक्रिंग्टन हा संस्थापक बारांतला संघ शेफील्ड युनायटेडकडून हरला, तेव्हां दुसऱ्या वर्गांत बसण्यापेक्षां त्यानें लीगचाच त्याग केला. पुण्य सरलें कीं स्वर्गांतूनहि खालीं यावें लागतें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तिचा स्वीकार करणें मात्र कोठेंच सोपें नाहीं.

१८९८ मध्यें तर कसोटीचें हंसें झालें. शेवटच्या सामन्यांत स्टोक व बर्न्ली या दोघांसहि बरोबरी पुरेशी होती. अर्थात् गोल करण्याची घाई कोणासच नव्हती, आणि सामना शून्य-शून्य असा संपला. तेव्हां वर्गांची संख्या अठरा अठरा करून कसोटी बंद करण्यांत आली, आणि दोन संघ आपोआप वर व दोन खालीं, हा स्वच्छ नियम आला. परीक्षेचा निकाल वर्षभराच्या अभ्यासावर लागूं लागला, असें आमच्यासारखा शिक्षक म्हणेल.

तथापि सभेचें मत अद्याप मेलें नव्हतें. महायुद्धानंतर १९१९ मध्यें दोन्ही वर्ग बावीस बावीस संघांचे झाले. वरच्या वर्गांतील एका जागेसाठीं मतदान झालें. दुसऱ्या वर्गांत पाचवा गणला गेलेल्या आर्सेनलला अठरा मतें मिळालीं. पहिल्या वर्गांत शेवटच्या आलेल्या टॉटनहॅमला आठ. दुसऱ्या वर्गांत आर्सेनलच्या पुढें असलेले बार्न्स्ली व वुल्व्हरहॅम्प्टन पाहतच राहिले. त्यानंतर आर्सेनल कधींहि खालीं उतरलेला नाहीं. टॉटनहॅमनें मात्र पुढच्याच हंगामांत दुसरा वर्ग जिंकून आपली जागा मैदानावर परत मिळविली. मुलांस या दोहोंपैकीं कोणतें उदाहरण सांगावें, हें वाचकांस निराळें सांगणें नको.

पुढें १९७४ पासून तीन संघ वर व तीन खालीं जाऊं लागले. १९८७ मध्यें कसोटीचे सामने सुधारलेल्या रूपानें परत आले. १९९२ सालीं वरच्या बावीस संघांनीं निराळा संसार थाटून ‘प्रीमियर लीग’ काढली. जुना दुसरा वर्ग तेव्हां नांवानें ‘पहिला’ झाला, आणि २००४ पासून तो ‘चॅम्पियनशिप’ म्हणविला जातो. नांव मोठें झालें, पण दूरचित्रवाणीच्या पैशामुळें वरच्या व खालच्या वर्गांतील अंतर फार वाढलें. वरून पडणाऱ्या संघांस कांहीं वर्षें भरपाई मिळते. खालीं मुळापासून असलेल्यांस ती मिळत नाहीं. हा पंक्तिप्रपंच आम्हांस रुचत नाहीं. तरी दार उघडें आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्यें वर चढून १९७८ त अजिंक्य ठरला आणि १९७९ व १९८० या लागोपाठ वर्षीं युरोपचा चषक घेऊन गेला. लेस्टर २०१४ मध्यें वर आला व २०१६ मध्यें त्यानें प्रीमियर लीगच जिंकली.

आपल्या देशांत हें दार फार काळ बंद होतें. २०१४ मध्यें निघालेल्या इंडियन सुपर लीगमध्यें खालून प्रवेश नव्हता. म्हणूनच गोव्याच्या धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग या संघांनीं २०१६ मध्यें निषेध म्हणून राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलें. राष्ट्रीय अजिंक्यपद पांच वेळां मिळविणारा धेंपो २०२४ मध्यें खालच्या पायरीपासून चढून आय-लीगमध्यें परतला. दरम्यान आय-लीग ही दुसरा वर्ग ठरली होती, व २०२२-२३ चा तिचा विजेता पंजाबचा संघ वर चढला. पुढील वर्षीं कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. मात्र २०२४-२५ अखेर वरून खालीं कोणीहि आला नव्हता. अर्धाच नियम लागू झाला, असें आम्ही म्हणूं. चढण्याची वाट असून उतरण्याची नसेल, तर वरचा अनायासें निर्धास्त होतो, आणि खालच्याच्या श्रमाचें मोल पूर्ण होत नाहीं. घरांतील मुलांशीं फुटबॉलविषयीं बोलतांना वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य बोलावें.