शाम्पूच्या बाटलीतली गवार

‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड.’ एका दमात म्हणून बघा. शाम्पूच्या बाटलीमागच्या बारीक अक्षरांत हे नाव बहुधा यादीच्या शेवटाकडे असते. आपल्या मंडळातली कॉलेजात जाणारी मुले हल्ली त्याचा फोटो काढून मला पाठवतात, ‘काका, हे चांगलं की वाईट?’ फोनमधले एखादे अ‍ॅप बाटली स्कॅन करते, लाल ठिपका दाखवते आणि नवी कोरी बाटली कचऱ्यात जाते. मी सिल्वासातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षे शाम्पू आणि बॉडी वॉश तपासतो आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तर मेसेजमध्ये मावणारे नाही, तेव्हा इथे लिहितो.

नावातला पहिला शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ग्वार म्हणजे आपली गवार. आई दाण्याचे कूट घालून जिची भाजी करते आणि तुम्ही ताटात बाजूला सारता, तीच. भाजीसाठी आपण कोवळ्या शेंगा तोडतो. राजस्थानातले शेतकरी मात्र त्या झाडावर वाळू देतात आणि बी काढतात. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि भारतातली बहुतेक राजस्थानात. कमी पावसात, रेताड जमिनीत तग धरणारे हे पीक पूर्वी मुख्यतः गुरांच्या खाण्याचे होते.

बियाच्या पोटात एक पांढरट, कडक थर असतो. तो दळला की ग्वार गम तयार होतो. पाण्यात चिमूटभर टाकला तरी पाणी दाट होते, म्हणून तो आइस्क्रीममध्येही असतो; तिथे त्याचा क्रमांक ४१२. तेलविहिरींतही हाच गम लागतो. अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढण्याचा धडाका सुरू झाला, तेव्हा गवारीच्या बियांचा भाव इतका उसळला की मार्च २०१२ मध्ये सरकारी नियामकाला तिचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. पुढे भाव कोसळला, तोही शेतकऱ्यांनीच सोसला. शाम्पूचा वाटा या साऱ्या व्यापारात अगदी लहान आहे.

आता नावाचा उरलेला लांबलचक भाग. आपल्या केसाचा पृष्ठभाग ओला असताना थोडा ऋणभारित असतो. ऊन, रंग, सततचे विंचरणे, इस्त्री यांनी केस जिथे खराब होतो, तिथे हा ऋणभार जास्त असतो. साधा ग्वार गम विद्युतभाराच्या बाबतीत कोरा. केसाला त्याचे विशेष आकर्षण नाही. म्हणून कारखान्यात त्याच्या लांब साखळीवर ठिकठिकाणी धनभारित गट जोडतात. ‘ट्रायमोनियम’ तो हाच. धन ऋणाकडे ओढले जाते, आणि जिथे केस जास्त खराब तिथे जास्त चिकटते. टोकांनाच कंडिशनरची गरज का, हेही यातून कळते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुमची वेणी साठ सेंटिमीटरची असेल, तर तिचे टोक पाच वर्षांचे आहे.

मला स्वतःला यातली सर्वांत आवडती गोष्ट पुढची आहे. शाम्पूतला फेस करणारा साबणासारखा घटक ऋणभारित असतो. मग तो बाटलीतच या गवारीला का पकडून बसत नाही? बसतो, पण बाटलीत तो इतका भरपूर असतो की दोघांची जोडी विरघळलेली राहते. डोक्यावर पाणी ओतले की मिश्रण पातळ होते, जोडी पाण्यातून वेगळी पडते आणि तिचा पातळ थर केसावर बसतो. म्हणजे कंडिशनिंग होते ते मुख्यतः केस धुऊन काढताना. त्वचेवरही असेच घडते, म्हणून बॉडी वॉशमध्येही हे नाव सापडेल. शंभर ग्रॅम शाम्पूत ही भुकटी साधारण ०.१ ते ०.५ ग्रॅमच असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक यादीत कुठल्याही क्रमाने लिहिता येतात; तेव्हा शेवटच्या चार नावांच्या क्रमावरून फार अर्थ काढू नका.

आजी केसांना भिजवलेल्या मेथीचा लेप लावते ना? मेथीतला बुळबुळीतपणा गवारीच्या गमाच्याच कुळातला. दोघांच्या साखळ्या त्याच दोन साखरांच्या. फरक असा की मेथी धनभारित नसते, त्यामुळे पाण्याबरोबर बरीचशी निघून जाते. म्हणून अर्धा तास लेप लावून बसायचे. आजी चुकत नव्हती आणि बाटलीवाल्यांनीही काही जादू केलेली नाही.

मग ‘वाईट’ आहे का? अमेरिकेत प्रसाधनांच्या घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने या कुळातले घटक सध्याच्या वापरात सुरक्षित ठरवले आहेत. केस त्याने गळत नाहीत आणि त्याने उगवतही नाहीत. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, वाढ मुळाशी होते. बारीक, विरळ केस मात्र त्याने चपटे, जड वाटू शकतात. तसे होत असेल तर बाटली बदला. कारण पुरेसे आहे, भीती कशाला?

भीती घ्यायचीच तर ती वेगळ्या जागी घ्यावी. गवारीला धनभार देण्यासाठी जे रसायन वापरतात ते युरोपात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. त्याची प्रक्रिया झाल्यावर भुकटी धुऊन स्वच्छ करतात. पण ते रसायन हाताळणारा माणूस तिथे पाळीभर उभा असतो. शाम्पूच्या कारखान्यात भुकटी तयार होऊन पोत्यांतून येते. पाण्यात टाकली की आधी नुसती तरंगत, बसत राहते. सायट्रिक आम्ल पडले की पाहता पाहता पाणी दाटते. बघायला मजा येते. पण पोते ओतताना जो धुरळा उडतो, तो रोज छातीत गेल्यास काहींना दमा जडतो. ग्वार गमाच्या धुळीबाबत हे सिद्ध झाले आहे. मास्क गळ्यात लटकवून पोती फोडणारी पोरे मी पाहिली आहेत, आणि ओरडलोही आहे.

या भागाच्या मुक्तिलढ्यात १९५४ साली सुधीर फडके आले होते; आपल्यातले बहुतेक जण त्यानंतर कित्येक वर्षांनी, करसवलतींमुळे उभ्या राहिलेल्या कारखान्यांत नोकरीसाठी आले. तुमच्यापैकी काही केमिस्ट्री घेऊन त्याच फाटकांतून मुलाखतीला जाल. पगाराबरोबर दोन गोष्टी विचारा. पोती ओतायच्या जागी धूळ खेचणारा पंखा आहे का, आणि टाक्या धुतल्यावर ते दाट, फेसाळ पाणी कुठे सोडता? दमणगंगा इथून पुढे दमणला समुद्राला मिळते, आणि वाटेत कितीतरी गावे आहेत.