तोफेवरचे नाव आणि तोफेचा धनी

धाराशिव जिल्ह्यातला परंड्याचा किल्ला तोफांसाठी ओळखला जातो. पण त्याची सर्वांत नामांकित तोफ गेली जवळपास चारशे वर्षे तिथे नाही. ती विजापुरात शेरजा बुरुजावर आहे. तिचे नाव मलिक-ए-मैदान, मराठी माणसाची मुलूखमैदान.

विजापुरात ती पाहणारा ती आदिलशाहीने ओतली असे धरून चालतो. तिच्यावर औरंगजेबाचे नाव आहे हे कळले की कुणी ती मोगलांच्या खात्यात टाकतो. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा तोफेच्याच अंगावर आहे. तिच्यावरच्या लेखानुसार ती हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ साली ओतली गेली. ओतणारा कारागीर महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानकडचा. ती तयार झाली अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहासाठी. पुढे ती परंड्यात आली. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवले ते परंड्यातच, इतके या किल्ल्याचे महत्त्व तेव्हा होते. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तोफ तिथून विजापूरला नेली. तिच्यासोबत निघालेली दुसरी तोफ, कडकबिजली, वाटेत नदीत बुडाली असे सांगतात.

मग औरंगजेबाचे नाव कुठून आले? १६८६ मध्ये विजापूर पडले. त्या विजयाचा आणि तोफ ताब्यात आल्याचा मजकूर तेव्हा तिच्यावर चढवला गेला. म्हणजे एकाच तोफेवर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन राजवटी बोलतात. पहिला लेख जन्माचा, दुसरा जिंकणाऱ्याचा. दुसऱ्यालाच जन्माचा दाखला मानले की तोफेचे वय एका फटक्यात तेवढ्या वर्षांनी कमी होते, अहमदनगर पुसले जाते आणि परंडाही. कोणतीही लेख असलेली तोफ पाहताना म्हणूनच प्रत्येक मजकुराचे साल वेगळे वाचायला हवे. ओततानाच साच्यातून आलेली अक्षरे सहसा पृष्ठभागावर उठून दिसतात, मागाहून छिन्नीने कोरलेली आत खोल जातात. अपवाद असतात, तरी पहिली पारख इथून होते.

‘तोफ पंचधातूची’ हे वाक्य तर किल्ल्यागणिक ऐकू येते. मुलूखमैदानच्या धातूचे पृथक्करण झालेले आहे. त्यात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील निघाले. पाच धातू नव्हेत, दोनच. हे कासे आहे. युरोपातल्या तोफांच्या काशात कथील साधारण १० टक्क्यांच्या आसपास असे. कथील वाढले की धातू कठीण होतो, ठिसूळही होतो आणि घंटेसारखा नाद देतो. मुलूखमैदानवर टिचकी मारली तर ती घणघणते, त्यात चमत्कार काही नाही. सुमारे ५५ टन वजनाची, साडेचार मीटरांच्या आतबाहेर लांबीची आणि आतून सुमारे ७० सेंटिमीटर रुंद अशी ही तोफ अशा धातूत ओतून उभी करणे हा मात्र रूमीच्या हाताचा खरा पराक्रम होता. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात तिचा निरुपयोगी वस्तू म्हणून लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली होती १५० रुपये. एवढ्या किमतीला ती देणे योग्य वाटले नाही, म्हणून ती राहिली.

सगळ्याच तोफा ओतीव, हा समजही तितकाच पक्का. दख्खनमधल्या कितीतरी मोठ्या तोफा लोखंडाच्या आहेत आणि त्या ओतलेल्या नसून घडवलेल्या आहेत. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या जुळवून नळी करायची, तिच्यावर तापवलेल्या कड्या चढवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या. विजापूरच्या उपळी बुरुजावरची लांबचर्री तोफ अशीच घडवलेली. लांबी ३० फुटांहून जास्त. नळदुर्गातही उपळी बुरुज आहे आणि त्यावर हत्ती तोफ व मगर तोफ आहेत. अशा कोणत्याही तोफेपुढे उभे राहिल्यावर आधी अंगावर कड्यांचे वळे दिसतात का ते पाहावे. दिसले तर ती ठोकून जोडलेली. जाड तैलरंगाचे थर दिले की हेच वळे आणि बारीक अक्षरे बुजतात. तोफेची निगा राखायच्या हौसेने तिचा पुरावाच झाकला जातो, याचे वाईट वाटते.

बत्ती देण्याचे छिद्र बंद दिसले की ‘गंजून बुजले’ म्हणून लोक पुढे सरकतात. तिथे जरा थांबावे. शत्रूच्या हाती पडणारी तोफ निकामी करायची सर्वांत झटपट रीत म्हणजे या छिद्रात खिळा ठोकणे. खिळ्याचे डोके दिसत असेल तर तो गंज नाही, तो लढाईतला शेवटचा निर्णय आहे.

जुन्या वाड्यांतल्या आणि संग्रहालयांतल्या बंदुकांची तर याहून अधिक गल्लत होते. चापाच्या पट्टीवर ‘टॉवर’ आणि १८५७ असे कोरलेले दिसले की सगळी बंदूक उठावाच्या वर्षाची ठरते. ते साल फक्त त्या पट्टीचे. नळी, दांडा आणि चाप वेगवेगळ्या काळांतले असू शकतात. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार काढायच्या, बंदुकीची जुनी नळी ठेवून तिला पुढे टोपीचा चाप बसवलेला असतो. टोपी आली ती १८२० च्या सुमारास, त्यामुळे टोपीचा चाप दिसला तरी नळी त्याहून बरीच जुनी असू शकते.

एनफील्ड रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, नसले की ‘वापरून झिजले’ असे म्हणतात. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आटेदार रायफल द्यायचे टाळले. १८५८ च्या नमुन्यासाठी एनफील्डच्या नळ्या आतून मोठ्या करून आटे मुद्दाम काढले गेले. त्यामुळे नळीची भिंत पातळ झाली, म्हणून १८५९ चा नमुना जाड नळीचा करावा लागला.

आखूड बंदूक म्हणजे कापलेली बंदूक, हेही खरे नाही. घोडेस्वाराची कडाबीन मुळातच आखूड बनत असे. डाव्या बाजूला स्वाराच्या खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवायची सळई व कडी, आणि घोड्यावरून पडू नये म्हणून ठासणीचा गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने बांधलेला, या खुणा असतील तर ती स्वाराची. नळीचे तोंड वेडेवाकडे, नेम धरायची माशी जागेवरून हललेली किंवा नव्याने डाग देऊन बसवलेली आणि दांडा मध्येच तुटक संपलेला दिसला, तर ती मागाहून कापलेली.