पोटावरची ती छोटी सुई कोणाला आणि का?

न्यूमोनियासाठी भरती केलेल्या आजोबांना पोटावर सुई का टोचतात, असे नातेवाईक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. आजार छातीत आणि सुई पोटावर! ती सुई बहुधा हेपॅरिनच्या गटातील औषधाची असते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती देतात.

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू पंपासारखे पायातले रक्त हृदयाकडे ढकलतात. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप थांबतो आणि रक्त शिरांत रेंगाळते. शिवाय जंतुसंसर्गात किंवा शस्त्रक्रियेनंतर रक्त लवकर गोठू लागते. अशी गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो, आणि कित्येकदा आधी पायावर काहीच दिसलेले नसते.

मग सगळ्यांनाच सुई का देत नाहीत? कारण तिने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून डॉक्टर गुण मांडतात. शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांसाठी २०१० साली प्रसिद्ध झालेला पादुआ तक्ता बराच वापरला जातो. (पादुआ म्हणजे संत अंतोनींमुळे आपल्याला ठाऊक असलेले इटलीतील तेच शहर.) कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष, किंवा तीन दिवस तरी अंथरुणाला खिळणे, यांना प्रत्येकी ३ गुण. महिनाभरातील शस्त्रक्रिया किंवा मोठी दुखापत यांना २. वय ७० किंवा अधिक, जंतुसंसर्ग, हृदय वा श्वसन निकामी होणे, लठ्ठपणा, संप्रेरकांच्या गोळ्या अशांना १. बेरीज ४ किंवा अधिक झाली की धोका मोठा. त्या मूळ अभ्यासात ४ किंवा अधिक गुण असूनही सुई न मिळालेल्यांपैकी १०० मागे ११ जणांना गुठळी झाली. कमी गुण असलेल्यांत हे प्रमाण १००० मागे ३ होते.

आपल्या बहात्तर वर्षांच्या आजोबांचे गणित सोपे आहे: अंथरुण ३, वय १, संसर्ग १. झाले ५.

आता सिकलसेलच्या वेदनांनी तळमळत पडलेली बावीस वर्षांची तरुणी घ्या. अंथरुणाचे ३, बाकी शून्य. तक्ता म्हणतो, धोका कमी. पण या तक्त्यात सिकलसेलसाठी रकानाच नाही. या आजारात रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, रक्त मुळातच गोठण्याकडे झुकते, आणि गुठळीचा धोका तरुण वयातही वाढलेला असतो. नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांवर ही बाब दुर्मीळ नाही. म्हणून जाणते डॉक्टर तक्त्यावर न थांबता अशा प्रौढ रुग्णाला सुई देण्याचा विचार करतात. गरोदर स्त्रियांसाठीच्या ब्रिटिश तक्त्यात मात्र सिकलसेलला सरळ ३ गुण आहेत.

सुईआधी दुसरी बाजूही तपासतात. पोटात व्रण आहे का, गेल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झाला का, प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली आहेत का? डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. उत्तर 'हो' असेल तर बहुधा सुई टाळून पायांवर हवेच्या पट्ट्या बांधतात.

आपल्यापैकी जे रुग्णांसोबत दवाखान्यात जातात, त्यांनी भरतीच्या वेळीच सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावे आणि पूर्वीची गुठळी, चालू गोळ्या यांविषयी सांगावे. घरी परतल्यावरही काही आठवडे धोका राहतो. एकच पाय सुजला, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.