संशोधक, मार्गदर्शक आणि मतभेद

पीएच्.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याचे भवितव्य पुष्कळदा विषयापेक्षा मार्गदर्शकावर अवलंबून असते. अधिछात्रवृत्तीच्या कागदांवर सही त्यांची, प्रबंध सादर करण्यास संमतीही त्यांचीच. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी विद्यापीठाची पायरी चढले आहे, त्यांना ही सत्ता अधिकच जाणवते. ‘सरांच्या मताबाहेर जाऊ नकोस’ असे त्यांना वडीलधारेही सांगतात. हा सल्ला आम्हांस मान्य नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. एडविन कॅनन हे पूज्य बाबासाहेबांचे मार्गदर्शक होते. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाविषयीचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे बाबासाहेबांना पुन्हा सिद्ध करावा लागला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. सुवर्ण विनिमय पद्धतीला लेखकाने केलेला विरोध आपणांस मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे ते तीत स्पष्ट लिहितात; आणि त्याच लेखणीने लेखकाच्या विचारांतील टवटवीतपणाला दाद देतात. शिष्याने मत सोडले नाही, गुरूनेही सोडले नाही. पदवी मात्र अडली नाही. अशी प्रस्तावना लिहिणारे मार्गदर्शक आज किती सापडतील?

विनयपिटकातील महावग्गात उपज्झाय आणि सद्धिविहारिक, म्हणजे गुरू आणि त्याच्यासह राहणारा शिष्य, यांची कर्तव्ये सांगितली आहेत. ती एकतर्फी नाहीत. शिष्य आजारी पडला तर त्याला दातवण आणि तोंड धुण्यास पाणी देणे, त्याचे आसन मांडणे हे गुरूचे काम. (कोणत्या विभागप्रमुखाने हे वाचले आहे, कोण जाणे!) गुरूचे बोलणे दोषाकडे झुकू लागले तर त्याला आवरावे, गुरूच्या मनात चुकीची दृष्टी उपजली तर ती दूर करावी, हे शिष्याचे कर्तव्य आहे. गुरूला शिष्यास दूर करता येते, पण नीट वागणाऱ्या शिष्यास दूर केले तर दुक्कट हा दोष गुरूलाच लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक अशी मर्यादा घातली आहे. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडण्याची तरतूदही आहे. या समितीचा निमंत्रक मात्र मार्गदर्शकच असतो. मतभेद त्याच्याशीच असेल, तर विद्यार्थ्याने तो तेथे कसा मांडावा, याचा विचार विद्यापीठांनी करावयास हवा. आणि तोवर आपल्या प्राध्यापक बंधुभगिनींनी अशा विद्यार्थ्याजवळ बसून त्याचा मसुदा तरी वाचावा.