आधी विमान, मागून आवाज

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी पाय ठेवायला जागा नसते. ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या सुमारास एका सायंकाळी तेथे नौदलाच्या बँडचे संचलन होते, हेलिकॉप्टरे येतात, विमाने समुद्रावरून झेपावत जातात, आणि अंधार पडला की बंदरात नांगरलेल्या युद्धनौका दिव्यांच्या माळांनी उजळून निघतात. विद्यार्थी मित्रांनो, हा सोहळा पाहण्यासारखा आहेच. पण पदार्थविज्ञान शिकणाऱ्याने तो ऐकायलाही जावे, असे मला वाटते. कारण येथे डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच.

पहिल्यांदा मी गेलो तेव्हा उशीर झाला होता, म्हणून बराच दूर कठड्याशी उभा राहिलो. बँड चालू लागला आणि मला वाटले, पथकाचा पाय चुकतो आहे! मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडायला हवा, तो उजव्यावर पडत होता. शेजारच्या गृहस्थांना मी तसे बोलूनही दाखवले. ते नेमके निवृत्त खलाशी निघाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, जरा पुढे जाऊन ऐका.” पुढे गेलो, तर पाय आणि ठोका अगदी बरोबर.

हिशेब सोपा आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तेव्हा जवानाचे पाऊल पडताक्षणीच आपल्याला दिसते असे धरायला हरकत नाही. ध्वनी मात्र रेंगाळतो. हवेचे तापमान ० अंश सेल्सिअस असेल तर त्याचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मुंबईतल्या डिसेंबरच्या सायंकाळी २८ अंश धरा. वेग ३४८ मीटर येईल. बँड मिनिटाला सुमारे १२० पावले टाकतो, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात ध्वनी १७४ मीटर जातो. तेव्हा १७४ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला डाव्या पायाचा ठोका उजवा पाय पडताना ऐकू येणारच. (ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याजवळ मात्र उभे राहू नका. तारेतून विजेचा संदेश जवळजवळ तत्काळ येतो आणि सगळी गंमत नाहीशी होते.)

आता विमानाकडे वळू. जेट विमान येते, सगळे आवाजाच्या दिशेने माना वळवतात, आणि तेथे आकाश रिकामे असते! विमान केव्हाच पुढे गेलेले असते. हे तुम्ही शंभर वेळा अनुभवले असेल. पण या मागे राहणाऱ्या आवाजावरून विमानाचा वेग काढता येतो, हे ठाऊक आहे काय? त्यासाठी उपकरण लागते ते दोन हातांचे.

असे समजा की विमान तुमच्या समोरून डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत जात आहे. त्याच्या मार्गावरचा तुम्हाला सर्वांत जवळचा बिंदू ‘अ’. तेथून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत पोहोचेतो विमान ‘ब’ या बिंदूपाशी जाते. तुम्ही जेथे उभे आहात तो बिंदू ‘क’. ‘क अ ब’ हा काटकोन त्रिकोण झाला. काटकोन ‘अ’ पाशी. ज्या वेळात ध्वनी ‘अ क’ एवढे अंतर तोडतो, त्याच वेळात विमान ‘अ ब’ एवढे अंतर तोडते. म्हणून ‘अ ब’ भागिले ‘अ क’ म्हणजेच विमानाचा वेग भागिले ध्वनीचा वेग. आणि हेच गुणोत्तर म्हणजे ‘क’ पाशी होणाऱ्या कोनाचे टॅन!

येथे क्षणभर थांबा. विमान किती दूर आहे हे आपण कोठेच विचारले नाही. ते तीनशे मीटरवर असो की हजार, कोन तोच. ताशी ५४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५० मीटर वेगाच्या विमानासाठी टॅन ०.४३ येतो आणि कोन सुमारे २३ अंश.

प्रत्यक्षात हे करायला दोघे लागतात. एकाने डोळे गच्च मिटून हाताने आवाजाची दिशा दाखवत राहायचे. डोळे मिटणे आवश्यक आहे, कारण विमान दिसले की कान त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागतात. दुसऱ्याने हात विमानावर रोखून फिरवत न्यायचा. पहिल्याचा हात बरोबर समोर, आधी ठरवलेल्या खुणेच्या दिशेला आला की दुसऱ्याने आपला हात तेथेच थांबवायचा. दोन हातांमधला कोन मुठींनी मोजा. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ डोळ्याशी सुमारे १० अंशांचा कोन करते. दोन मुठी आणि वर थोडे, एवढा कोन आला तर वेग ताशी साधारण पाचशे किलोमीटर.

एकाच जागी तरंगणारे हेलिकॉप्टर आले की आपले उपकरण तपासून घ्या. त्याचा वेग शून्य, म्हणून दोन्ही हात एकाच दिशेला यायला हवेत. आमच्या वेळी ते आले नाहीत! डोळे मिटलेला विद्यार्थी ठामपणे पाठीमागे बोट दाखवत होता. दोष त्याचा नव्हता. आम्ही ताजमहाल हॉटेलच्या प्रचंड दगडी भिंतीच्या फार जवळ उभे होतो, आणि समुद्राकडून आलेला आवाज तिच्यावर आपटून मागून परत येत होता. तेव्हा इमारतींपासून दूर जागा धरा.

‘अ’ बिंदूचा आवाज ओळखायची आणखी एक खूण आहे. नौदलाचे डॉर्नियर हे पंख्यांचे विमान जाताना त्याची घरघर आधी उंच स्वरात असते, मग खाली उतरते. हाच डॉपलर परिणाम. ख्रिस्तियन डॉपलरने तो १८४२ साली मांडला आणि १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट याने आगगाडीवर तुतारीवादक बसवून तो पडताळून पाहिला. विमान सेकंदाला १०० मीटर जात असेल तर येतानाची आणि जातानाची कंप्रता यांचे गुणोत्तर सुमारे १.८ येते. पेटी वाजवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे : ही कोमल निषादावरून षड्जापर्यंतची घसरगुंडी आहे. घसरता घसरता विमानाचा मूळ स्वर ऐकू येतो तो क्षण ‘अ’ च्या आवाजाचा.

मुंबईपासून दूर राहणाऱ्या वाचकांनी हिरमुसू नये. दहा किलोमीटर उंचीवरून जाणारे प्रवासी विमान सर्वत्र दिसते. त्याचा आवाज खाली यायला सुमारे अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात ते सात-आठ किलोमीटर पुढे गेलेले असते. कोन जवळजवळ चार मुठी येतो. वरची हवा थंड असल्याने तेथे ध्वनी थोडा मंद चालतो, म्हणून उत्तर ढोबळच मिळेल.

येथवर विमान आपल्या समोरून आडवे जात होते. ते थेट आपल्याकडेच येत असेल तर? हा प्रश्न नौदल दिनाच्या मुळाशीच आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या आपल्या लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी कराचीच्या समुद्रात हल्ला चढवला. त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. निर्घातच्या क्षेपणास्त्रांना बळी पडलेल्या खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवरील खलाशांना आकाशात एक तेजस्वी ठिपका जवळ येताना दिसला. त्यांना ते विमान वाटले. त्यांनी विमानविरोधी तोफा डागल्या आणि विमानाने हल्ला केल्याचाच संदेश पाठवला. तेवढ्यात दुसरे क्षेपणास्त्र आले.

कानांनी त्यांना काही सांगितले असते काय? ही क्षेपणास्त्रे ध्वनीच्या सुमारे नऊ दशांश वेगाने येत. क्षेपणास्त्र १० किलोमीटरवर असताना निघालेला त्याचा आवाज जहाजापर्यंत पोहोचायला २९ सेकंद लागतात. स्वतः क्षेपणास्त्राला लागतात ३२. जहाजाच्या यंत्रांच्या घरघरीतून तो आवाज ऐकू आला असता असे धरले तरी, तो कोठून येतो हे ओळखून काही करायला त्या माणसांच्या हाती उरत होते तीन सेकंद.