साकेची चव : आकडा आणि जीभ

जपानी साके तांदूळ, पाणी, कोजी बुरशी आणि यीस्ट यांतून घडते. ती पारखण्याच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळे असतात: पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर नितळपणा. तांदळाचा निदान ४० टक्के भाग घासून काढलेल्या ‘गिंजो’ साकेला अनेकदा सफरचंदाचा किंवा केळ्याचा गंध येतो. तो फळांचा नव्हे, यीस्टने घडवलेल्या एस्टरांचा.

‘काराकुची’ म्हणजे शब्दशः तिखट. साकेच्या बाबतीत मात्र अर्थ कमी गोड. बाटलीवरचा घनतेचा आकडा धन असेल तर साके अशी मानतात. पण आम्लता वाढली की तेवढीच साखर जिभेला कमी जाणवते. शिवाय आपल्या षड्रसांत न बसणारी ‘उमामी’ आकड्यात उतरत नाही. केवळ आकड्यावर बाटली निवडणारा म्हणूनच फसतो.