फिटची गोळी : दुखणे ओळखूनच द्यावी

कापूस उत्पादकांना हा अनुभव नवा नाही. बोंडअळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्या सारख्या मारल्या की मित्रकिडी मरतात अन् पांढरी माशी उफाळते. औषध खोटे नसते, पण किडीचा प्रकार पाहावा लागतो. लहान मुलांच्या फिटच्या गोळ्यांचेही काही वेळा तसेच होते.

फिट म्हटली की हातपाय झाडणे, तोंडाला फेस, एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु एका प्रकारात पोरगं बोलता-बोलता पाच-दहा सेकंद एकटक बघत राहते आणि पुन्हा कामाला लागते. दिवसातून असे कितीदा तरी होते. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे. डॉक्टर याला 'ॲब्सेन्स' फिट म्हणतात. मेंदूचा आलेख काढला तर सेकंदाला साधारण ३ टोकदार लहरी उमटतात.

खरी गोम इथेच आहे. कार्बामाझेपिन ही नावाजलेली गोळी. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवर ती गुणकारी आहे. पण ॲब्सेन्समध्ये तीच गोळी या लहरी वाढवू शकते. फेनिटॉइनचेही तसेच. अशा मुलांना एथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागू पडते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ४५३ मुलांच्या अभ्यासात हेच दिसले. त्यातही एथोसक्सिमाइडने अभ्यासातले लक्ष कमी बिघडले.

दुसरे उदाहरण फिनोबार्बिटोनचे. १९१२ पासून वापरातली ही स्वस्त गोळी. तिने गुंगी येते, पण काही मुले उलट चिडखोर नि चळवळी होतात.

मग गोळी बंद करावी काय? मुळीच नाही! एकाएकी गोळी तोडली तर न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतते. बदल डॉक्टरांनीच करायचा. पालकांनी एवढे करावे : फिट कधी आली, किती वेळ टिकली, गोळी सुरू झाल्यावर वाढली का, वागणे बदलले का, हे वहीत लिहावे आणि वही डॉक्टरांना दाखवावी. जमल्यास मोबाइलवर फिटचे चित्रण करावे. शिक्षक, अंगणवाडीताई आणि आशाताईंनी असे एकटक बघणारे मूल दिसताच रागावू नये, प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये.

पिकाची नोंद आपण ठेवतोच. लेकराचीही ठेवू या.